व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर पहिले तीन महिने: 'स्वतःची काळजी' म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

भांडुपची वहिनी

धाकटे भाऊजी (वय ३८) दारू सोडण्यासाठी ३५ दिवस केंद्रात राहून येत्या रविवारी घरी येतायत. घर भांडुप पश्चिमेला, नोकरी बीकेसीत, म्हणजे कुर्ल्याला उतरून पुढे शेअर रिक्षा. सोमवारी लगेच कामावर हजर व्हायचंय. डिस्चार्जच्या कागदावर डायसल्फिरम २५० मिलिग्रॅम रोज एक, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), १५ दिवसांनी फॉलोअप आणि खाली एक ओळ: "स्वतःची काळजी घ्या, स्वतःवर लक्ष ठेवा." गोळ्या कळल्या. ती ओळ कळत नाही.

काळजी म्हणजे काय, फळं खायची? आणि माणूस स्वतःवर लक्ष ठेवतो म्हणजे काय करतो? सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलंय की रोज दारातच तोंडाचा वास घ्यायचा. त्यात गटारी तीन आठवड्यांवर, पाठोपाठ पगार. "सकारात्मक राहा" छापाचं नको, घड्याळ लावून सांगता आलं तर सांगा.

स्लो ट्रॅक

वहिनी, घड्याळच लावू. सांभाळायचे दोन तास म्हणजे संध्याकाळी ६:३० ते ८:३०, पण ते सांभाळायची तयारी दुपारी १ पासून. तलफ बारच्या पाटीसमोर आली असं वाटतं. तोवर माणूस रिकाम्या पोटी, कोणावर तरी चिडलेला आणि दमलेला असतोच, पाटी फक्त निमित्त. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेले गट, पुढे एए म्हणतो) यासाठी चार शब्द घोकून घेतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातले दोन एकदम जमले की हातातलं काम थांबवून आधी ते निस्तरायचे.

भूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. दुपारचा डबा १ वाजता खाल्ला आणि घरी पोचायला ८ वाजले, तर मध्ये सात तास फक्त कटिंग चहावर जातात. रक्तातली साखर उतरली की हात थरथरतात, चिडचिड होते, छातीत पोकळी वाटते, आणि वर्षानुवर्षं या पोकळीवर एकच औषध दिलेलं असल्यामुळे शरीर तेच मागतं. म्हणून ऑफिसमधून निघायच्या आधी, ५:३० च्या सुमारास, पोटभरीचं खायचं: पोळीभाजीची गुंडाळी, दोन इडल्या, उसळ. बिस्किटाचा पुडा चालणार नाही, तासाभरात पुन्हा तेच. शिवाय बॅगेत भाजलेले चणे किंवा शेंगदाणे कायम ठेवा. पहिले काही आठवडे गोड खावंसं वाटेल. डायबेटिस नसेल तर त्यावरून घरात कटकट करू नका, एका वेळी एकच लढाई.

थकव्याचं गणित झोपेचं. दारू सुटल्यावर झोप आठवडेच काय, काही जणांची महिनोन्‌महिने विस्कटलेली राहते, रात्री २ ला टक्क जाग येते. झोपायची वेळ कोणाच्या हातात नसते, उठायची असते. रविवार धरून रोज एकाच वेळी उठायचं, ४ नंतर चहा-कॉफी बंद, दुपारची डुलकी २० मिनिटांच्या वर नको.

आता रस्ता. रविवारी सकाळी गर्दी नसताना भाऊजींबरोबर कोणीतरी भांडुप स्टेशन ते घर चालून बघा. कुठल्या जिन्याने उतरलं की वाइन शॉप लागतं, कुठे परमिट रूम, कुठे जुनी मंडळी उभी असतात, ते त्यांना तोंडपाठ असेल. त्यांनाच दुसरा रस्ता आखू द्या, चार मिनिटं जास्त लागली तरी चालेल. सरळ स्टेशनवरून शेअर रिक्षात बसून दाराशी उतरणं हेही उत्तर आहे. पावसात रुळांवर पाणी येऊन कुर्ल्याला अडकायची वेळ येते, तो दिवस सगळ्यात वाईट: चारही शब्द एकाच फलाटावर. त्या दिवसासाठी बॅगेत खाणं, पाणी, पॉवर बँक आणि फोन करायचे तीन नंबर कागदावर लिहून. मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो.

मात्रा

गोळ्या कळल्या म्हणता, पण डायसल्फिरमबद्दल चार गोष्टी केंद्रात घाईत सांगितल्या जातात, म्हणून लिहितो.

ही गोळी तलफ कमी करत नाही. दारूचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, त्याच्या पुढचं विघटन ती अडवते. त्यामुळे घोटभर दारूनेही १० ते ३० मिनिटांत चेहरा लाल, डोकेदुखी, उलटी, धडधड, रक्तदाब खाली, आणि कधीकधी जिवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतरही १४ दिवसांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. "आज गोळी चुकवली, आता पिता येईल" हा हिशेब म्हणूनच घातक. आणि घरच्यांनी गुपचूप भाजीत, चहात मिसळून कधीच द्यायची नाही. माहीत नसलेला माणूस बाहेर चार पेग मारून येतो आणि रात्री इस्पितळात पोचतो. भाऊजींच्या संमतीने, समोर बसून, पाण्यात विरघळवून दिली तर उत्तम. त्याला लपवाछपवी म्हणत नाहीत.

छुपी दारू कुठे असते ते बघा. आसव-अरिष्टं (द्राक्षासव, दशमूलारिष्ट वगैरे) यांत आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतंच. काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीची मदर टिंक्चर, माउथवॉश, आफ्टरशेव्ह, हे सगळं लेबल वाचून. आणखी एक, पावसाळ्यात हमखास होणारी चूक: पोट बिघडलं की केमिस्ट मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या देतो. डायसल्फिरमबरोबर ती घेतल्यास भ्रम, बडबड, गोंधळ असे मानसिक परिणाम होऊ शकतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "डायसल्फिरम चालू आहे" हेच.

यकृताची तपासणी गोळी सुरू करताना आणि साधारण दोन आठवड्यांनी करतात, पुढची डॉक्टर सांगतील तशी. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली दिसली तर फॉलोअपची वाट न बघता गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. पायांना मुंग्या यायला लागल्या तर तेही सांगा, कारण दारूमुळे आणि गोळीमुळे, दोन्हींनी होऊ शकतं. गुंगी येत असेल तर गोळी रात्री घ्यावी का ते विचारा.

झोपेसाठी शेजारच्याने दिलेली अल्प्राझोलॅमची पट्टी घरात येऊ देऊ नका. ती मेंदूत जवळजवळ दारूच्याच दारातून शिरते आणि तिचीही सवय लागते. तलफ खूपच असेल तर नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी वेगळी औषधं आहेत. यकृत आणि मूत्रपिंड बघून मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. मागायला लाजू नये.

भांडुपची वहिनी

मेट्रोनिडॅझोलचं कोणीच सांगितलं नव्हतं. आभार. स्वतःवर लक्ष ठेवण्याचं मात्र अजून अडलंय. काल फोनवर भाऊजींना विचारलं "कसं वाटतंय", तर "मस्त, एकदम फ्रेश, आता आयुष्यात हात लावणार नाही." याआधीही असंच म्हणाले होते.

वहीवाला

वहिनी, "मस्त, फ्रेश" हे केंद्रातल्या भिंतींचं बोलणं. तिथे जेवणाची घंटा होते, झोपेची वेळ ठरलेली, खिशात पैसे नाहीत. हा हुरूप घरी काही आठवडे टिकतो, मग सगळं सपाट वाटायला लागतं, आणि घसरण तिथून सुरू होते. हुरूप ओसरला म्हणजे उपचार फसले असं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता लक्ष कसं ठेवायचं. खिशात मावेल अशी दहा रुपयांची वही. दिवसातून तीन वेळा, दुपारी १, संध्याकाळी ५ आणि रात्री झोपताना, पाच आकडे: भूक, राग, एकटेपणा, थकवा, तलफ. प्रत्येकाला ० ते १०. आकड्यांपुढे फार तर एक वाक्य. दीड मिनिटाच्या वर वेळ लागला तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते, म्हणून निबंध नको. दोन आठवडे झाले की पानं उलटून बघायची: तलफ ६ च्या वर कधी गेली आणि त्याआधीच्या रकान्यात काय होतं? कोणाचा राग ५ वाजता ७ वर असतो (साहेबांची मीटिंग), कोणाचा एकटेपणा रविवारी दुपारी ८ वर. आपला नमुना सापडला की काय सांभाळायचं हे कोणाला विचारावं लागत नाही. एएच्या बारा पायऱ्यांतली दहावी रोजच्या स्वतःच्या झाडाझडतीचीच आहे, तिचं हे आकड्यांतलं रूप म्हणा.

अडचण अशी की बरीच वर्षं पिणाऱ्याला आपल्याला काय होतंय याला शब्द नसतात. सगळं "कसंतरी होतंय" किंवा "डोकं फिरलंय". वहीच्या शेवटच्या पानावर शब्द लिहून ठेवा: अपमान, भीती, लाज, हेवा, कंटाळा, अपराधी वाटणं. त्यातला एक निवडायचा. कंटाळा हा शब्द सगळ्यात जास्त वेळा निवडला जातो आणि त्याला कोणी धोका समजत नाही. आनंदाचाही रकाना ठेवा. बढती झाली, मॅच जिंकली, यावरही माणूस घसरतो.

आकड्यांच्या आधी दिसणाऱ्या खुणा वेगळ्या: डबा अर्धा परत येणं, दाढी-आंघोळ टाळणं, "आज कामामुळे एएची मीटिंग जमणार नाही" हे आठवड्यात दोनदा, जुन्या दोस्तांचे स्टेटस बघत बसणं, एटीएममधून कशासाठी ते माहीत नसताना ५०० काढणं, आणि "सहज त्या रस्त्याने गेलो." सहज काही नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी नेमकं हेच मांडलं: पिण्याचा निर्णय ग्लासासमोर होत नाही, तो बारीकसारीक, वरवर असंबद्ध निर्णयांतून आधीच झालेला असतो. भाऊजींनी स्वतःच्या पाच खुणा स्वतः लिहून फ्रिजवर लावाव्यात. तुम्ही लिहिल्यात तर तो आरोप होतो.

तलफ आलीच तर: तिच्याशी वाद घालायचा नाही, दाबायचीही नाही. बहुतेक वेळा ती १५ ते ३० मिनिटांत चढून उतरते, फक्त चढताना वाटतं की ही आता उतरणारच नाही. घड्याळ बघून वहीत आकडा, दर पाच मिनिटांनी पुन्हा आकडा. शरीरात कुठे आहे ते शोधायचं, घशात, जबड्यात, पोटात. जागा बदलायची, गार पाणी, काहीतरी खाणं, फोन. फोन "कसा आहेस" म्हणून करू नये. पहिलं वाक्य "मला आत्ता तलफ आलीय, वीस मिनिटं बोल" असं असावं, आणि तो ग्लास हातात घ्यायच्या आधी व्हायला हवा.

स्लो ट्रॅक यांच्या एका गोष्टीला मात्र हरकत. चणे-शेंगदाणे बॅगेत? अहो, तो चकणा आहे. ज्या हाताने वर्षानुवर्षं बशीतले खारे शेंगदाणे उचलले, त्याला तीच चव दिली की पुढची चवही आठवते. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू ठेवा.

स्लो ट्रॅक

कबूल. चणे मागे घेतो.

काठावरचा

एक शंका. ३५ दिवस सुटली म्हणजे ताबा आलाच की. आमच्याकडे कित्येक जण श्रावण कडक पाळतात, महिनाभर थेंब नाही. आणि हल्ली शून्य टक्केवाली बिअर मिळते, गटारीला ती दिली तर सगळ्यांत बसताही येईल ना?

मात्रा

श्रावण पाळणारा गणपती विसर्जनाची तारीख मोजत असतो. महिनाभर थांबता येणं आणि एकदा सुरू केल्यावर थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी, व्यसनात मोडते ती दुसरी. उलट श्रावण हा अनेकांना आपल्याला व्यसन नाही असं पटवायला दरवर्षी मिळणारा दाखला असतो.

बिनअल्कोहोलच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. डायसल्फिरम चालू असताना हा प्रयोग नको. आणि खरोखर शून्य असली तरी तोच वास, तोच फेस, तीच बाटली, तीच मंडळी. मेंदूला तालीम दिल्यासारखं होतं, फक्त प्रयोग व्हायचा बाकी.

अल-अ‍ॅनॉनची बाकावरची

वहिनी, आता सासूबाईंचं. दारात वास घेतला की दोन गोष्टी होतात. प्यायलेला नसेल तर "इतकं करूनही चोरच" हा राग, आणि तो चार शब्दांतलाच एक. प्यायलेला असेल तर वेलची, पुदिना, उशिरा येणं हे डावपेच. दोन्हींत सासूबाईंच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी ते घरी येतील त्याच रविवारी रात्री सगळ्यांसमोर एक कागद करा. गोळी सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसासमोर. उशीर होणार असेल तर ७:३० च्या आधी फोन. शंका आली तर "प्यायलास का" असं विचारायचं नाही. "आज वहीत तलफ किती होती" एवढं एकदाच विचारायचं आणि उत्तर ऐकून गप्प बसायचं. त्यांनी वही दाखवायची की नाही ही त्यांची मर्जी.

पैशाचंही त्यांच्याच तोंडून ठरू द्या. पाकीट काढून घेतलं तर उधारी होते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते का ते बघा, तीन महिन्यांसाठी. पगाराच्या दिवशी घरभाडं, हप्ते सकाळीच वळते व्हावेत. फोनमधला वाइन शॉपच्या होम डिलिव्हरीचा नंबर त्यांनी स्वतः उडवून ब्लॉक करायचा. घरात उरलेली बाटली, पाहुण्यांसाठी ठेवलेलीसुद्धा, रविवारच्या आत बाहेर. ग्लासही.

गटारी. अमावस्या आडवारी आली की लोक आधीच्या रविवारीच बसून घेतात, म्हणजे जपायचे दिवस दोन. ऑफिसात आमंत्रण येणारच, तर "आज उपास आहे", "गोळ्या चालू आहेत" अशी कारणं नकोत, कारण संपलं की आमंत्रण परत येतं. "मी सोडलीय" हे दोन शब्द, लगेच दुसरा विषय, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की उठून निघायचं. हे घरात मोठ्याने म्हणून बघा, पहिल्यांदा जीभ अडखळते. मटण करायचं तर दुपारी करा, वड्यांबरोबर किंवा भाकरीबरोबर, सगळ्यांनी एका पंगतीला. रात्रीचं मटण आणि बाटली यांची गाठ इतकी पक्की असते की रश्श्याच्या वासानेच तलफ येऊ शकते. संध्याकाळ मीटिंगसाठी मोकळी.

एएच्या मीटिंग मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजीत होतात. फी नाही, नाव-पत्ता विचारत नाहीत. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंग ही तिथली जुनी रीत. सगळ्या नाही जमल्या तरी आठवड्याचे वार पक्के करा. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात. तुमच्यासाठी आणि सासूबाईंसाठी अल-अ‍ॅनॉन, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट, वेगळं. भाऊजींना मीटिंगचा बाज रुचला नाही तर सायन, केईएम, नायर इथे मानसोपचार ओपीडी आहेत, तुम्हाला सायन सगळ्यात सोयीचं. वांद्र्याचं फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे, तिथे अय्यंगार योगावर भर असतो. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. हे दोन नंबर त्या पावसाळी कागदावर लिहा.

मात्रा

एक राहिलं, आणि ते आधी लिहायला हवं होतं. घसरलेच तर काय, हे आजच ठरवा. एक दिवस प्यायले आणि "आता सगळंच गेलं, मग पुरतंच पिऊ" हा विचार पहिल्या ग्लासापेक्षा जास्त नुकसान करतो. कार्डावर तीन ओळी: बाटली टाक, अमुकला फोन कर, उद्या सकाळी ओपीडी. डायसल्फिरमवर असताना प्यायले तर आधी छातीत दुखणं, चक्कर, श्वास बघा आणि वाट न बघता इस्पितळ गाठा. सलग काही दिवस भरपूर पिणं झालं असेल तर घरीच एकदम बंद करायला लावू नका. फिट यायचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो, भास आणि भ्रम बहुतेक दोन ते चार दिवसांत. हे डॉक्टरच्या देखरेखीतच.

भांडुपची वहिनी

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. वास घेणं रद्द. गोळी सकाळी ७:१५ ला त्यांच्यासमोर, भाऊजींनी फोनवर हो म्हटलंय. वही मी आणलीय, पण कोरीच देणार. फक्त मटण दुपारी हे त्यांना पटत नाहीये, म्हणतात पन्नास वर्षं रात्रीच केलंय.

अल-अ‍ॅनॉनची बाकावरची

मग रात्री करू द्या, पण ताटं ७:३० ला मांडा, आणि कांदा चिरायला भाऊजींनाच बसवा.